कुंचला हातात देणारे घर

१९१५ साली टिपलेली एक मूक चित्रफीत आहे, जेमतेम काही मिनिटांची. चाकांच्या खुर्चीत एक कृश वृद्ध बसला आहे. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, दोन्ही हातांची बोटे आत वळून आखडलेली. शेजारी उभा असलेला त्याचा किशोरवयीन मुलगा त्या बोटांच्या बेचक्यात कुंचला अडकवून देतो. दुसऱ्याच क्षणी तो वाकडा हात कॅनव्हासवर झरझर फिरू लागतो. काम करता करता म्हातारबाबांच्या गप्पाही चालू आहेत.

हे म्हातारबाबा म्हणजे पिएर-ओग्युस्त रेन्वा. मोने, सिसले यांच्याबरोबर चित्रकलेत दृक्प्रत्ययवाद आणणारा जगप्रसिद्ध फ्रेंच चित्रकार. आयुष्याची शेवटची सुमारे पंचवीस वर्षे त्याने संधिवातासोबत काढली, त्यातली निदान सात चाकांच्या खुर्चीत, आणि तरीही जवळजवळ अखेरच्या दिवसापर्यंत तो रंगवत राहिला. याला आपण सहसा जिद्द म्हणतो आणि पुढे जातो. पण जिद्द एकट्या माणसाची असते. कुंचला हातात देणारे मात्र सबंध घर असावे लागते. रेन्वाची गोष्ट त्या घराचीही आहे.

रेन्वाचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोज या गावी झाला. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. तो लहान असतानाच कुटुंब पॅरिसला आले. घरची बेताची परिस्थिती, त्यामुळे तेराव्या वर्षीच पोराला चिनीमातीची भांडी रंगवण्याच्या कारखान्यात कामाला लावले. कपबश्यांवर फुले काढता काढता हात तयार झाला. पुढे पंखे आणि पडदे रंगवून त्याने शिक्षणापुरते पैसे जमवले आणि १८६२ मध्ये रीतसर चित्रकला शिकायला सुरुवात केली. १८७४ मध्ये या तरुण मित्रांनी भरवलेल्या पहिल्या प्रदर्शनाची टिंगल झाली, पण दहा-पंधरा वर्षांत रेन्वाला नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. १८९० मध्ये त्याने आलीनशी लग्न केले. पिएर, ज्याँ आणि क्लोद अशी तीन मुले. यातला ज्याँ पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. बंगालमध्ये येऊन ‘द रिव्हर’ हा चित्रपट करणारा आणि तरुण सत्यजित राय यांना प्रोत्साहन देणारा ज्याँ रेन्वा तो हाच.

पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे १८९२च्या आसपास, रेन्वाचे सांधे दुखू लागले. १८९७ मध्ये एस्वा या सासरच्या गावी पावसात सायकलवरून पडून त्याचा उजवा हात मोडला. हाड जुळले, पण त्यानंतर दुखणे बळावत गेले. त्या पडण्यामुळेच सगळे सुरू झाले, अशी आठवण मागे राहिली. आपल्याकडेही म्हणतात ना, ‘पडल्याचे निमित्त झाले’. पण हा आजार पडल्याने होत नाही. तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस होता. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. सांधे सुजतात, कूर्चा आणि हाड झिजते, स्नायूंच्या दोऱ्या सैल पडतात किंवा तुटतात आणि बोटे वाकडी होऊन बसतात.

त्या काळी यावर औषध नव्हते. ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आले. त्याने दुखणे कमी व्हायचे, आजार थांबायचा नाही. कॉर्टिसोनचा पहिला वापर व्हायला १९४८ साल उजाडावे लागले. रेन्वाने गरम पाण्याच्या झऱ्यांवर जाऊन स्नाने केली, औषधे घेतली, पथ्ये पाळली. आजार पुढेच सरकत राहिला. आधी काठी, मग कुबड्या, आणि १९१२पर्यंत चाकांची खुर्ची.

म्हणजे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. पण घराच्या हाती होते.

आधी व्यायाम. सकाळी चित्र सुरू करण्यापूर्वी रेन्वा तीन लहान चेंडू हवेत उडवून झेलण्याचा सराव करायचा, दहा मिनिटे. बोटे आखडू लागली आणि चेंडू धरता येईनात, तेव्हा त्याने गुळगुळीत केलेला लाकडाचा ओंडका उडवायला सुरुवात केली. आलीनने घरात बिलियर्डचे टेबल बसवून घेतले, खेळण्याच्या निमित्ताने नवऱ्याचे खांदे आणि हात हलावेत म्हणून.

मग जागा. थंडीने सांधे अधिक दुखत, म्हणून कुटुंब दक्षिण फ्रान्समध्ये समुद्राजवळच्या कान्य गावी राहू लागले. १९०७ मध्ये रेन्वाने तिथे जुन्या ऑलिव्हच्या झाडांची बाग विकत घेतली आणि त्यात घर बांधले. घराचे नाव ‘ले कोलेत’. बागेत त्याच्यासाठी काचेचा छोटा स्टुडिओ उभारला. भर हिवाळ्यातही त्याला ऊब सोडावी न लागता उजेड आणि झाडे समोर मिळावीत, एवढाच हेतू. दूरचे दृश्य रंगवायचे असले, की खुर्चीला बांबू लावून पालखीसारखे उचलून त्याला बागेत नेले जाई.

मग अवजारे. मोठा कॅनव्हास रंगवायचा तर उभे राहावे लागते, हात वर करावा लागतो. रेन्वाचा खांदा वर जात नव्हता. त्यावर उपाय म्हणून कॅनव्हास रुळांवर गुंडाळण्याची सोय केली गेली. हातमागावरचे कापड जसे पुढे सरकवतात, तसा कॅनव्हास फिरवायचा आणि हवा तो भाग खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातासमोर आणायचा. हात चित्रापर्यंत पोहोचत नसेल, तर चित्राने हातापर्यंत यायचे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रेन्वाच्या हाताला कुंचला बांधून देत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. जुन्या छायाचित्रांत त्याच्या हातावर पट्ट्या दिसतात, त्यावरून हा समज झाला असावा. प्रत्यक्षात कुंचला बोटांच्या मध्ये अडकवला जाई आणि पकड त्याची स्वतःचीच असे. तळव्यात कापडाची घडी ठेवत, ती नाजूक झालेली कातडी लाकडी दांड्याने आणि आत वळलेल्या बोटांनी सोलवटू नये म्हणून. हा फरक बारीक वाटला तरी महत्त्वाचा आहे. जेवढी ताकद शिल्लक होती, तेवढी वापरली गेली. मदत फक्त जिथे ताकद संपत होती तिथून सुरू झाली.

सगळ्यात बोलका प्रसंग १९१२च्या सुमारास पॅरिसमध्ये घडला. ज्याँने लिहिलेल्या वडिलांच्या चरित्रात तो आला आहे. एका नामांकित डॉक्टरांनी रेन्वाला पुन्हा चालते करण्याचे मनावर घेतले. काही आठवडे पौष्टिक आहार देऊन शक्ती भरून आणली. मग एक दिवस त्याला खुर्चीतून उठवले. रेन्वा उभा राहिला, पावले टाकली, चित्राच्या घोडीभोवती फेरी मारून परत खुर्चीपाशी आला. घरचे लोक आनंदाने बघत राहिले. खुर्चीत बसल्यावर मात्र त्याने डॉक्टरांना नम्रपणे सांगितले, की हे एवढ्यावरच थांबवू. या चालण्यात सगळी इच्छाशक्ती खर्च होते आणि चित्रासाठी काही उरत नाही. दोन्हींतले एकच मिळणार असेल, तर त्याला चित्र हवे होते. त्यानंतर तो पुन्हा चालला नाही.

डॉक्टर चुकले नव्हते. पण ‘बरे होणे’ म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या एक होती आणि रेन्वाची दुसरी. आज उपचार इतके पुढे गेले आहेत, की बहुतेक रुग्णांवर अशी निवड करण्याची वेळ येऊ नये. चालण्याचे महत्त्वही कमी नाही. तरीही तो प्रश्न आजही प्रत्येक वृद्ध रुग्णाला विचारायला हवा : तुमच्या अंगात जी शक्ती आहे, ती तुम्हाला कशावर खर्च करायची आहे?

नेमका हाच प्रश्न विचारणारी एक शाखा त्याच काळात जन्माला येत होती. मार्च १९१७ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज येथे काही जण जमले आणि ऑक्युपेशनल थेरपीची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ज्यांच्या घरी ही बैठक भरली, ते जॉर्ज बार्टन हे वास्तुरचनाकार स्वतः क्षयातून आणि अर्धांगाच्या दुखण्यातून गेलेले होते. आपल्याकडे हे शास्त्र आणले कमला निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विष्णू निंबकर यांच्याशी लग्न करून भारतात आल्या, इथल्याच झाल्या, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. मराठीत याला ‘व्यवसायोपचार’ म्हणतात. यातला व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. सकाळी उठल्यापासून माणूस जे जे करतो ते सगळे : दात घासणे, अंघोळ, चहा करणे, देवपूजा, पेपर वाचणे, नातवंडाची वेणी घालणे.

रेन्वाला कोणी व्यवसायोपचारतज्ज्ञ भेटला नव्हता. त्याच्या घराने जे केले ते अनुभवातून. आणि त्या घरात पैसा होता, माणसे होती, हेही विसरून चालणार नाही. आलीन होती. मुलांना सांभाळायला आलेली आणि घरचीच झालेली गॅब्रिएल होती. रंग तयार ठेवणे, कुंचला बोटांत देणे, खुर्ची हलवणे या कामांत किती बायकांचे दिवस गेले, याचा हिशेब कलेच्या इतिहासात सहसा मांडला जात नाही.

१९१३पासून रेन्वा शिल्पेही करू लागला, तीही ज्या हातांना माती मळणे शक्य नव्हते त्या हातांनिशी. रिशार गिनो हा तरुण शिल्पकार त्याच्या सूचनांनुसार माती घडवायचा. पुढे फ्रान्समधील न्यायालयाने गिनोला या शिल्पांचा सहनिर्माता म्हणून मान्यता दिली, आणि ते योग्यच झाले.

१९१५ हे वर्ष फार कठीण गेले. पहिल्या महायुद्धात पिएर आणि ज्याँ दोघेही जखमी झाले. मधुमेहाने आजारी असलेली आलीन ज्याँला भेटायला रुग्णालयात गेली, परत आली आणि जूनमध्ये वारली. रेन्वा तेव्हा ७४ वर्षांचा होता. सुरुवातीला सांगितलेली चित्रफीत याच वर्षाची आहे. घर निम्मे रिकामे झाले, तरी कुंचला हातात देणारे कोणी ना कोणी राहिले. १९१८-१९ मध्ये त्याने ‘स्नान करणाऱ्या स्त्रिया’ हे शेवटचे मोठे चित्र पूर्ण केले. ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. १९१९ मध्ये त्याला खुर्चीतून ल्यूव्र संग्रहालयात नेण्यात आले. तरुणपणी जिथे तो जुन्या चित्रांसमोर उभा राहून शिकला होता, तिथे आता त्याचे स्वतःचे चित्र लागले होते. त्याच वर्षी ३ डिसेंबरला कान्यच्या घरी तो वारला.

आता आपल्या घराकडे पाहू. आजीचे हात दुखू लागले, की आपण प्रेमाने तिच्या हातातली विळी काढून घेतो. बाबांचा तोल जातो म्हणून बाजारात जाणे बंद करतो. ‘तुम्ही आता नुसते बसा, आम्ही आहोत ना’ हे वाक्य मायेचेच असते. पण नुसते बसल्याने सांधे आखडतात, स्नायू वाळतात आणि आपला उपयोग संपला ही भावना घर करते. काम काढून घेण्याआधी काम बदलता येते का, हे पाहावे.

विळीवर जमिनीवर बसून चिरणे जमत नसेल, तर टेबलाशी खुर्चीत बसून हलक्या, जाड मुठीच्या सुरीने चिरता येईल. चमच्याच्या किंवा पेनाच्या दांड्याला कापड किंवा फोम गुंडाळून तो जाड केला, की दुखऱ्या बोटांना धरता येतो. गोल नळाऐवजी दांड्याचा नळ, दोन कानांचा कप, बटणांऐवजी वेल्क्रो, हे स्वस्त बदल आहेत. रोजच्या वस्तू कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीवर ठेवाव्यात. बुटकी खुर्ची उंच करावी. न्हाणीघरात भिंतीला पक्का दांडा, खाली न घसरणारी चटई, बसायला स्टूल आणि रात्री पायवाटेवर दिवा हवा. कामे सलग न करता मध्ये विश्रांती घेऊन करावीत. व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी येऊन पाहू शकले तर उत्तमच, कारण अडचण दवाखान्यात नव्हे, उंबरठ्यापाशी आणि मोरीत असते.

आणि एक गोष्ट पुढे ढकलू नये. हाताचे लहान सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता सांधेविकारतज्ज्ञांना लवकर दाखवावे. रेन्वाला मिळाली नाहीत ती औषधे आज आहेत. वेळेत सुरू केली तर बोटे वाकडी होण्यापासून बहुतेकदा वाचतात.

बाकीचे काम औषधाचे नाही, घराचे आहे. आज संध्याकाळी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि विचारा, पूर्वी करत होता आणि आता सुटले, असे कोणते काम तुम्हाला पुन्हा करावेसे वाटते? उत्तर यायला कदाचित वेळ लागेल. बरेच दिवसांत त्यांना हे कोणी विचारलेले नसेल.