हर्णैचे नेस्बिटसाहेब

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात बाणकोट व हर्णै येथे स्कॉटलंडच्या मिशनाचे काम सुरू झाले, ते दुःखानेच. पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेलसाहेब १८२३ साली आले आणि त्याच वर्षी प्रभूकडे गेले. चार वर्षांनी, १८२७ साली, रॉबर्ट नेस्बिट हे तरुण पाळक स्वदेश सोडून हर्णैस आले.

शाळा चालवाव्या, गावोगाव उपदेश करावा आणि फळ मात्र क्वचितच दृष्टीस पडावे, असे ते दिवस होते. तथापि त्यांनी मराठी भाषा आपली करण्यास सर्व बळ वेचिले. पुढे ते पडद्याआडून बोलले तर कोणी परदेशी मनुष्य बोलतो असे ऐकणाऱ्यास ओळखू येत नसे, अशी त्यांची ख्याती झाली. मुंबईस ते मिशनच्या विद्यालयात शिकवीत. तेथे त्यांच्या सहवासात आलेले बाबा पदमनजी यांनी १८५४ साली बेळगावास बाप्तिस्मा घेतला व मराठी ख्रिस्ती वाङ्मय समृद्ध केले. पुढल्याच वर्षी नेस्बिटसाहेब मुंबईस पटकीने वारले.

उपदेशकबंधूंनो, हर्णैस शिकलेली भाषा मुंबईस फळास आली. आपल्या गावी ऐकणारे थोडे असतील. पण त्यांची बोली व त्यांचे दुःख आम्ही आपलेसे केले आहे काय?