सर्पगंधेचा हिशेब मांडणारे डॉ. वकील

एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० मोजला गेला होता. जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला असूनही बीपी भरवशाने उतरवेल असे औषध तेव्हा कुणाकडे नव्हते. विश्रांती, मीठ कमी, गुंगीच्या गोळ्या, नाहीतर पाठीतल्या नसा कापण्याची अवघड शस्त्रक्रिया, एवढेच उपाय होते.

त्याच काळात परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील बीपीच्या रुग्णांना एका झुडपाच्या मुळीच्या गोळ्या देत होते. वकील मुंबईचे पारशी. जन्म १९११ चा. लंडनला शिकून ते परतले आणि हृदयरोगाकडे वळले.

मुळी अर्थातच सर्पगंधेची. ती वकिलांनी शोधली, असे कुणी सांगितले तर ते खरे नाही. सर्पदंश, निद्रानाश, वेड यांवर वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. ती रक्तदाबही उतरवते, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. पुढे गोळ्याही निघाल्या. अनुभव भरपूर होता, पण आकडे नव्हते. रक्तदाब तर मोठा लहरी. जिना चढला, डॉक्टर समोर दिसला, तरी वाढतो. दोन दिवस पडून राहिले की औषधाविनाही उतरतो. मग उतरला तो गोळीने की आरामाने?

वकिलांनी औषधाआधीचा दाब नोंदवला, चार आठवडे गोळ्या दिल्यावरचा नोंदवला आणि गोळ्या थांबवल्यानंतरचाही. अशा ५० रुग्णांची हकिकत १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आली. दहापैकी आठांहून अधिक जणांचा दाब उतरला होता. काम कंटाळवाणे खरे, पण त्यामुळेच बाहेरच्या डॉक्टरांचा विश्वास बसला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी हे औषध आपल्या रुग्णांना देऊन पाहिले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने मुळीतून रेसर्पिन वेगळे केले.

पुढे अमेरिकेतल्या माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली. तीत रेसर्पिन हे तीन औषधांपैकी एक होते. १९६७ आणि १९७० च्या तिच्या निष्कर्षांनी दाखवले की, काही त्रास जाणवत नसतानाही वाढलेला दाब आटोक्यात ठेवला तर पक्षाघात टळतो. ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळी सोडणारे आजही घरोघरी आहेत.

रेसर्पिनने नाक चोंदते, मोठ्या मात्रेत काहींना खोल उदासी येते. त्यामुळे ते मागे पडले. सर्पगंधेची मुळी आणून घरी उकळून पिणे म्हणूनच धोक्याचे. त्यात किती औषध उतरले, हे कळत नाही.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण. १९७४ मध्ये ते वारले.