विश्लेषण : शाळेत उपाशीपोटी येणाऱ्या मुलांसाठी कामराज यांनी काय केले? तमिळनाडूची न्याहारी योजना त्यांच्या जयंतीशी का जोडली गेली?

तमिळनाडूतील सरकारी प्राथमिक शाळांमध्ये पहिली घंटा होण्याआधी मुलांना गरम न्याहारी मिळते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत सुरू झालेली ही योजना १५ जुलै २०२४ पासून ग्रामीण भागातील अनुदानित शाळांनाही लागू झाली. १५ जुलै ही माजी मुख्यमंत्री के. कामराज यांची जयंती. तमिळनाडूत हा दिवस शिक्षण विकास दिन म्हणून साजरा होतो. कामराज यांचे स्वतःचे शिक्षण मात्र बारा वर्षांचे होण्याच्या सुमारासच थांबले होते.

कामराज यांची शाळा का सुटली?

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ रोजी विरुदुनगर येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. ते सहा वर्षांचे असताना वडील कुमारस्वामी नाडर यांचे निधन झाले. आई शिवकामी अम्माळ यांनी दागिने विकले, आलेली रक्कम एका व्यापाऱ्याकडे ठेवली आणि तिच्या व्याजावर घर चालवले. शाळा सोडल्यावर कामराज मामाच्या कापड दुकानात काम करू लागले. तिथेच त्यांना वर्तमानपत्रे आणि सभांची गोडी लागली आणि विशीत येण्याआधीच ते काँग्रेसचे कार्यकर्ते झाले.

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध कोणता?

१९३० मध्ये वेदारण्यम येथील मिठाच्या सत्याग्रहात त्यांना पहिल्यांदा अटक झाली आणि कोलकात्याच्या अलीपूर तुरुंगात पाठवण्यात आले. १९४२ च्या ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर ते तीन वर्षे कैदेत होते. त्यातील काही काळ त्यांनी अमरावतीच्या तुरुंगात काढला. १९४० पासून तमिळनाडू काँग्रेसची सूत्रे त्यांच्याकडे होती. १३ एप्रिल १९५४ रोजी ते मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले.

मुख्यमंत्री झाल्यावर पहिला मोठा निर्णय कोणता?

आधीचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी १९५३ मध्ये प्राथमिक शाळेचे तास कमी केले होते. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी ती योजना होती. त्यामुळे चांभाराचा मुलगा चांभारच राहील, अशी टीका झाली आणि मोठे आंदोलन उभे राहिले. कामराज यांनी ती योजना रद्द केली आणि खेडोपाडी नव्या शाळा काढण्यास सुरुवात केली. पण शाळा झाली तरी सगळी मुले येत नव्हती. कुणी गुरे राखत होते, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळत होते. मूल कामावर गेले तर निदान त्याच्या पोटाची सोय व्हायची, शाळेत गेले तर तीही नाही, असा गरीब घरातला हिशेब होता.

मध्यान्ह भोजन कसे सुरू झाले?

याबद्दल तमिळनाडूत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दौऱ्यावर असताना रेल्वे फाटकापाशी कामराज यांची गाडी थांबली. त्यांनी गुरे राखणाऱ्या एका मुलाला शाळेत का जात नाहीस, असे विचारले. शाळेत गेलो तर खायला कोण देणार, असा उलट प्रश्न त्या मुलाने केला. गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, धोरण त्याच प्रश्नावर बेतले गेले.

१९५६ मध्ये कवी सुब्रह्मण्य भारती यांच्या एट्टयपुरम या गावी भोजन योजनेची सुरुवात झाली. त्यात शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांचा मोठा वाटा होता. सुरुवातीला गावकऱ्यांनी दिलेल्या तांदूळ, भाजी आणि पैशांवर चूल पेटत होती. पण दान आटले की चूल विझते. १९५७ पासून सरकारने खर्चाचा वाटा उचलला. पुढे १९६१ मध्ये ‘केअर’ या संस्थेचीही मदत मिळू लागली.

आधीचा प्रयोग का थांबला होता?

मद्रास महापालिकेने १९२० मध्ये पी. त्यागराय चेट्टी यांच्या पुढाकाराने थाउजंड लाइट्स भागातील शाळेत खाऊ देण्यास सुरुवात केली होती. काही शाळांत पटही वाढला. मात्र शिक्षण निधीतून हा खर्च करण्यास ब्रिटिश सरकारने हरकत घेतली आणि १९२५ मध्ये तो बंद पडला. अन्नावरचा खर्च हा शिक्षणाचाच खर्च आहे, हे तेव्हा मान्य झाले नाही. कामराज यांच्या काळात ते मान्य झाले, हा दोन्ही प्रयोगांतील मुख्य फरक.

दुपारचे जेवण असताना न्याहारी कशाला?

मजुरीला जाणारे आईवडील पहाटेच घर सोडतात. मूल रात्री जेवलेले असते आणि पुढचा घास थेट दुपारी मिळतो. लहान मुलाचे पोट छोटे असते, त्यामुळे त्याला थोड्या थोड्या वेळाने खावे लागते. सकाळचे पहिले तासच उपाशी गेले, तर वाचन-गणिताचा वेळ वाया जातो.

म्हणूनच न्याहारी चांगली ठरण्यासाठी ती घंटेआधी, रोज, गरम आणि मुलांच्या ओळखीच्या चवीची हवी. तमिळनाडूत उपमा, खिचडी, पोंगल आणि भाज्या घातलेले सांबार असे पदार्थ वारानुसार ठरलेले आहेत. स्वयंपाक प्रामुख्याने बचत गटांच्या महिला करतात, त्यामुळे शिक्षकांवर चुलीचा भार पडत नाही. २५ ऑगस्ट २०२३ पासून ही योजना सुमारे ३१ हजार सरकारी शाळांतील १७ लाख मुलांपर्यंत नेण्यात आली.

फक्त पोट भरले की झाले का?

नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एट्टयपुरमजवळच्याच उसिलमपट्टी गावात स्वयंपाकीण दलित असल्याने काही मुलांना घरून न्याहारी नाकारायला सांगण्यात आले. खासदार कनिमोळी आणि अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन मुलांच्या पंगतीत बसून तीच न्याहारी घेतली. चूल कोण पेटवतो आणि पंगतीत कोण शेजारी बसतो, हा प्रश्न ६७ वर्षांनीही त्याच परिसरात उभा राहिला.

कामराज यांचे पुढे काय झाले?

पक्षबांधणीसाठी ज्येष्ठ नेत्यांनी पदे सोडावीत, असा प्रस्ताव मांडून १९६३ मध्ये त्यांनी स्वतः मुख्यमंत्रिपद सोडले. काँग्रेस अध्यक्ष म्हणून लालबहादूर शास्त्री आणि नंतर इंदिरा गांधी यांच्या निवडीत त्यांची भूमिका निर्णायक ठरली. १९६७ ची निवडणूक मात्र तांदळाच्या टंचाईवर गाजली. रुपयात तीन मापे तांदळाचे आश्वासन देणारा द्रमुक सत्तेवर आला आणि कामराज विरुदुनगरातच एका तरुण उमेदवाराकडून हरले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

योजनेचा वारसा कुठवर आला?

१९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत ती मोठ्या प्रमाणावर वाढवली. १९९५ मध्ये केंद्राची योजना आली, पण महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सुरुवातीला मुलांच्या हाती कोरडा तांदूळ किंवा धान्य दिले जाई. शाळेतच शिजवलेले अन्न द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला आणि त्यानंतर खिचडी आपल्याकडच्या शाळांत रुळली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात न्याहारीचीही शिफारस आहे. मात्र केंद्राच्या पोषण योजनेत मुख्य भर आजही दुपारच्या जेवणावरच आहे.