रक्तवाहिनी शिवणारे डॉक्टर : ॲलेक्सिस कॅरेल

जन्म : २८ जून १८७३, फ्रान्स
मृत्यू : ५ नोव्हेंबर १९४४, पॅरिस

कार्यानुभवाच्या तासाला शिवणकाम कशाला, असं कुणी विचारलं तर कॅरेल यांची गोष्ट जरूर सांगा.

१८९४ साली लिऑन शहरात फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर सुऱ्याने वार झाला. यकृताकडे जाणारी मोठी शीर कापली गेली. शहरात नावाजलेले सर्जन होते; पण अशी शीर शिवायची खात्रीची पद्धतच नव्हती. काही तासांत कार्नो गेले. २० वर्षांच्या कॅरेलना ही गोष्ट फार लागली. लिऑन हे रेशमाचं शहर. तिथल्या भरतकाम करणाऱ्या बाईंकडे ते चक्क बारीक टाके घालायला शिकले.

रक्तवाहिनी म्हणजे मऊ नळी. शिवताना तिचं तोंड मिटतं. कॅरेल यांनी काठावर तीन टाके घालून ते ताणले. गोल तोंडाचा त्रिकोण झाला, सरळ कडा शिवणं सोपं झालं. रेशमी दोऱ्याला व्हॅसलिन लावलं. १९०२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध झाली. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९१२ चं नोबेल त्यांना मिळालं. मात्र माणसांत श्रेष्ठ-कनिष्ठ वंश मानणारे त्यांचे विचार चुकीचेच होते, हेही मुलांना सांगावं.

आज डायलिसिससारख्या उपचारांसाठी शिरेतून नळी घालतात. क्वचित सुई शेजारच्या धमनीत जाते. बारीक सुई असेल तर ती काढून जागा दाबून धरतात. पण जाड नळी धमनीत गेली, तर घाईने ओढत नाहीत. कारण तिनेच छिद्र बुजलेलं असतं. ती तशीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलावतात. ते छिद्र शिवतात किंवा आतून बंद करतात.

आपल्या जव्हार-मोखाड्यात हे फार कामाचं आहे. जव्हारला कुटीर रुग्णालय, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. पण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी घाटरस्त्याने नाशिक किंवा ठाणे गाठावं लागतं. तोवर रक्त आपल्यालाच थांबवायचं असतं. कोयता लागला तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबा, सारखं उघडून बघू नका. काही रुतलं असेल तर उपसू नका, बाजूने दाबा. लगेच १०८ ला फोन करा.

वर्गात मुलांकडून याचा सराव नक्की करून घ्या.