हृदय बदलणारे डॉ. सेन

मी कॉन्व्हेंटची, तेव्हा मराठी सांभाळून घ्या! हृदय प्रत्यारोपण म्हटलं की १९६७ चे डॉ. बर्नार्ड आठवतात. पण अडीच महिन्यांतच, १६ फेब्रुवारी १९६८ ला, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच केलं. इथं सोलापुरात, आमच्या हॉस्टेलवर हे कुणालाच माहीत नव्हतं.

सेन मूळचे बंगाली, कर्मभूमी मुंबई. आधी कित्येक वर्षं त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. १९६५ मध्ये तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयावरून कल्पना उचलली : हृदयाच्या भिंतीला सुईने भोकं पाडायची आणि आतलं रक्त स्नायूला थेट पुरवायचं. अगदी मेकॅनिकलवाल्याचं डोकं!

पेशंट मात्र काही तासांतच गेला. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, हे मानणारा कायदा आपल्याकडे १९९४ ला आला. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांचं ऑपरेशन यशस्वी झालं. सेन १९८२ मध्येच वारले होते.

आता पेशींपासून लॅबमध्ये अवयव वाढवायचं संशोधन चाललंय. जमलं, तर दुसऱ्याच्या मरणाची वाट बघायला नको. पण तो पहिल्यांदा बसवायचा कुणाच्या शरीरात? सेन यांनी घाई केली असं मला वाटत नाही. तरी त्या पहिल्या पेशंटला आधी काय काय सांगितलं असेल, हे राहून राहून मनात येतं.