प्रेमेंद्र मित्र : घनादाचे जनक

बंगाली कवी, कथाकार व चित्रपट-दिग्दर्शक प्रेमेंद्र मित्र यांचा जन्म १९०४ साली वाराणसी येथे झाला. त्यांचे शिक्षण एका वाटेने झाले नाही. कोलकात्याचे महाविद्यालय, श्रीनिकेतनमधील शेतीशिक्षण, ढाक्यातील विज्ञानाचा अभ्यास अशी त्यांची भटकंती झाली. लेखनाला मात्र ती जन्मभर पुरली.

१९२३ मध्ये कोलकात्यातील एका मेसमध्ये ते उतरले होते. (मेस म्हणजे येथे केवळ खाणावळ नव्हे, तर गाव सोडून आलेल्या पुरुषांचे सामाईक बिऱ्हाड.) खोलीच्या खिडकीत त्यांना एक पोस्टकार्ड सापडले. मेसमधील कुणा रहिवाशाला त्याच्या नवपरिणीत पत्नीने ते लिहिले होते. त्याच रात्री त्यांनी दोन कथा लिहिल्या. त्यांपैकी गरीब कारकुनाच्या संसाराची ‘शुधु केरानी’ ही कथा १९२४ मध्ये ‘प्रवासी’ मासिकात प्रसिद्ध झाली. पुढे ते ‘कल्लोल’ संप्रदायातील अग्रणी ठरले. ‘सागर थेके फेरा’ या काव्यसंग्रहास १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

१९४५ साली ‘मशा’ या कथेतून घनश्याम दास ऊर्फ घनादा अवतरला. त्याचा मुक्काम ७२, बनमाली नस्कर लेन येथील मेसमध्येच. भाडे न देणारा, शिशिरकडून हिशेब ठेवून सिगारेटी उसन्या घेणारा हा गृहस्थ आरामखुर्चीत बसून साखालिन बेटावर आपण मारलेल्या एकाच डासाची हकिकत सांगतो! पराक्रम सारा थापेचा. त्यामागचा भूगोल, इतिहास आणि विज्ञान मात्र अभ्यासातून आलेले. या कथांना केवळ बालसाहित्य मानणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही. ज्या बिऱ्हाडात कारकुनाचा कोंडमारा मित्रांनी पाहिला, तेथेच त्यांनी सारे जग फिरून आलेला हा रिकामटेकडा आणून बसवला. ऐकणाऱ्यांना थाप कळते, तरी ते त्याला खाऊ घालून बोलते करतात, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावे.

मित्रांचे निधन १९८८ मध्ये झाले. अमलान दासगुप्ता यांनी केलेला घनादाकथांचा इंग्रजी अनुवाद २००४ साली पेंग्विनने प्रसिद्ध केला. अनेक अबंगाली वाचकांना घनादा भेटला तो अनुवादांतूनच. नावातील ‘दा’ म्हणजे थोरला भाऊ. त्यात आदर आहे, सलगी आहे आणि या कथांत थोडी थट्टाही. इंग्रजीत त्याला प्रतिशब्द नाही. मराठी वाचकाला मात्र ‘दादा’ समजावून सांगावा लागत नाही.