रमाबाई कोणत्या चर्चच्या?

आजचं वाचन : योहान ४:५–४२



याकोबाच्या विहिरीवरची गोष्ट आपण संडेस्कूलपासून ऐकत आलोय. भर दुपारी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, दमून बसलेले प्रभू येशू, आणि मग ते संभाषण. पण आज वाचताना मधल्या एका प्रश्नावर जरा थांबा. स्वतःच्या आयुष्याचा विषय निघाल्यावर ती बाई अचानक वेगळंच विचारते. आमचे पूर्वज या डोंगरावर भक्ती करायचे, तुम्ही लोक यरुशलेमेचं नाव घेता, मग खरं ठिकाण कोणतं?

हा आपलाच प्रश्न आहे. पुण्यात दोन ख्रिस्ती माणसं पहिल्यांदा भेटली की नावानंतर लगेच विचारलं जातं, तुमचं चर्च कुठलं? सीएनआय, मेथॉडिस्ट, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, की रविवारी एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये भरणारी नवी फेलोशिप? उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा थोडा खुलतो किंवा थोडा मिटतो. आणि लग्न जमवायची वेळ आली की तर विचारूच नका.

हाच उतारा 1883 साली एका मराठी बाईने इंग्लंडमध्ये ऐकला आणि तिच्या आयुष्याची दिशा बदलली. पुढे तिलाही आयुष्यभर हाच प्रश्न विचारला गेला, तोही बिशपांपासून ते पुण्याच्या वर्तमानपत्रांपर्यंत सगळ्यांकडून. म्हणून आज मनन पंडिता रमाबाईंच्या आयुष्यावर.

लहानपण थोडक्यात सांगते. जन्म 23 एप्रिल 1858, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि आई लक्ष्मीबाईंनी तेच रमाला दिलं. घर म्हणजे तीर्थयात्रा, देवळात पुराण सांगायचं आणि मिळेल त्यावर राहायचं. दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. उरलेले दोघे, श्रीनिवास आणि रमा, देशभर पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची विद्वत्ता बघून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. मग भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न झालं, मनोरमा झाली, आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने नवराही गेला. चोविसाव्या वर्षी रमाबाई विधवा होत्या, कडेवर दहा महिन्यांची मुलगी होती.

याच वर्षी त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींनी त्यांना हात दिला, आर्य महिला समाज सुरू झाला, हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्रीशिक्षणाची आणि स्त्री डॉक्टरांची गरज मांडली. इथेच त्यांची वाँटेजच्या सिस्टर्सशी ओळख झाली. पंच हौदच्या परिसरात काम करणारा हा इंग्लंडच्या चर्चमधला संन्यासिनींचा संघ. इथेच नेहेम्या गोऱ्हेंचाही प्रभाव पडला. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, शास्त्रार्थ करता करता ख्रिस्ती झालेले. रमाबाईंना त्यांचा युक्तिवाद भिडला, आणि त्याहून त्यांची नम्रता.

1883 मध्ये रमाबाई मनोरमाला आणि आनंदीबाई भगत या मैत्रिणीला घेऊन वाँटेजला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. सिस्टर्सनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅममधलं आपलं आश्रयघर दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायका तिथे राहत होत्या आणि सिस्टर्स त्यांची आपल्या घरच्यांसारखी सेवा करत होत्या. पतित बाईशी असं कोणी वागतं, हे रमाबाईंनी याआधी कुठे पाहिलं नव्हतं. हे कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली आणि योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला.

रमाबाईंनी नंतर आपल्या साक्षीत लिहिलंय की या अध्यायाने त्यांना उमगलं की ख्रिस्त खरंच जगाचा तारणारा आहे आणि भारतातल्या पिचलेल्या बायकांना उभं करू शकतो. 29 सप्टेंबर 1883 ला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याआधी मात्र एक भयंकर गोष्ट घडली होती. आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्येच विष घेऊन जीव दिला होता. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याची हकीकत सांगताना आपण बहुतेक वेळा ही मैत्रीण गाळतो. गाळू नये. रमाबाईंचा तो सप्टेंबर सुखाचा नव्हता.

आणि खरी गोष्ट इथून पुढे आहे, कारण बाप्तिस्मा झाल्यावर चर्चने त्यांना आपल्या शिस्तीत बसवायला घेतलं. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आई. रमाबाई त्यांना प्रेमाने आजीबाई म्हणायच्या. दोघींचा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपाने निघाला. मिळाला तर जरूर वाचा. भांडणं कशी करावीत आणि भांडूनही नातं कसं टिकवावं, ते त्यात दिसतं.

वाद कशाकशावरून? रमाबाई मांस आणि अंडं खात नसत. ख्रिस्ती झाल्यावरही हे चालूच, म्हणजे जुन्या जातीचा अभिमान सुटला नाही, असं आजीबाईंना वाटे. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंचं म्हणणं, लॅटिन माझ्या देशात कोणाला कळणार? अक्षरं हवीतच तर संस्कृत घाला. संस्कृत देवांची भाषा आहे म्हणून नाही, माझ्या मायभूमीची आहे म्हणून. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. भारतात लोक काय म्हणतील! जी बाई कलकत्त्यात पंडितांच्या सभेत बोलून आली, तिला हे ऐकावं लागलं.

मोठा वाद सिद्धांतांचा होता. त्रैक्य, अथानासियसचा मतांगीकार, ख्रिस्ताचं देवत्व. रमाबाई पवित्र शास्त्र घेऊन बसायच्या आणि विचारायच्या, हे कुठे लिहिलंय? चर्च असं शिकवतं, हे उत्तर त्यांना पुरत नसे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की ब्राह्मण पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं जू मी चढवून घेणार नाही. मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहे, पण बिशपच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मला देवाची आज्ञा नाही. मनोरमाला काय शिकवायचं, यावरूनही खूप ताणाताणी झाली.

इथे आजीबाईंची बाजूही मला कळते. हजार मैलांवरून आलेली, दुःखाने पोळलेली तरुण मुलगी, तिला आपण प्रभूकडे आणलं, आणि आता ती एकटीच नवी वाट काढतेय. काळजी वाटणारच. शिवाय त्रैक्याच्या बाबतीत पुढे रमाबाई स्वतःच मंडळीच्या विश्वासापाशी आल्या. पण आपल्या पायांनी आल्या, कोणी ओढून आणलं नाही.

1886 मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे गोंधळ आणखी वाढला. हाय चर्च, लो चर्च, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, युनिव्हर्सलिस्ट, प्रत्येकाची वेगळी शिकवण आणि प्रत्येकजण त्यांना आपल्याकडे ओढणारा. हिंदू धर्मातले पंथ बघून आलेल्या रमाबाईंना वाटलं, इथेही तेच! पण याच अमेरिकेत 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या कामासाठी रमाबाई असोसिएशन उभी राहिली, ती कुठल्याच एका पंथाची नव्हती. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन, उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रुक्स हे एपिस्कोपल. सिद्धांतावर ज्यांचं जमलं नसतं, ते भारतातल्या विधवांसाठी एका टेबलाशी बसले.

त्या पैशातून 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन निघालं आणि 1890 च्या नोव्हेंबरात पुण्याला आलं. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी पंच हौद मिशनमध्ये रानडे, टिळक वगैरे मंडळींनी चहा घेतला म्हणून पुण्यात प्रायश्चित्ताचा गदारोळ उठला होता. अशा गावात एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांना घरात ठेवून शिकवणार होती! सदनात धर्मशिक्षण द्यायचं नाही, मुलींना आपापले आचार पाळू द्यायचे, असं ठरलेलं होतं आणि रमाबाईंनी ते पाळलं. पण स्वतः प्रार्थनेला बसताना त्या खोलीचं दार बंद करत नसत. मुली येऊन बसू लागल्या. 1893 मध्ये ‘केसरी’ने तोफ डागली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं.

आपल्या सभांमध्ये ही हकीकत छळाची म्हणून सांगतात. मला ती तितकी सोपी वाटत नाही. पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला हे खरंच आहे, त्यामुळे पालकांची भीती निराधार होती असं म्हणता येत नाही. आणि दार बंद करणंही रमाबाईंना शक्य नव्हतं. मिशनऱ्यांना त्या पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या आणि पुण्याला फारच ख्रिस्ती वाटत होत्या.

दरम्यान आत काहीतरी घडत होतं. 1891 च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा हॅस्लम रीतसर दीक्षा घेतलेला पाळक, आणि त्याचं मनपरिवर्तन झालं ते चर्चमध्ये स्वतःच उपदेश करताना! ते वाचून रमाबाईंना आपली स्थिती दिसली. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. ख्रिस्ती धर्म त्यांनी स्वीकारला होता, तो त्यांना पटला होता, त्यासाठी बिशपांशी भांडून झालं होतं. पण त्या धर्माचा जो जीव, तो ख्रिस्त आपल्याला अजून भेटला नाही, असं त्यांना जाणवलं. विचार करा, हे कोण म्हणतंय. ज्यांनी नवीन धर्मासाठी सगळा समाज गमावला, त्या. पंथ नाकारूनही त्या तिथे पोचल्या नव्हत्या. मग त्या गुडघ्यावर आल्या, स्वतःला पापी म्हणून देवापुढे ठेवलं, आणि शांती मिळाली असं त्यांनी लिहिलंय.

त्यानंतरच्या रमाबाई वेगळ्या दिसतात. वाद कमी झाले आणि काम अफाट वाढलं. पुण्याहून सोलापूरच्या लाइनवर साधारण 60 किलोमीटरवर केडगाव लागतं, दौंडच्या गाडीत बसलात तर स्टेशन दिसेल. तिथे त्यांनी शेतजमीन घेतली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. आपणही लहानपणी असंच उपाशी फिरलोय, हे त्या विसरल्या नव्हत्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून मुलींना केडगावला नेलं आणि मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, अंध स्त्रियांची शाळा.

आणि हो, चर्चही! हे मुद्दाम सांगते, कारण मला येशू हवा पण चर्च नको असं म्हणताना आपल्यातले बरेच जण रमाबाईंचं नाव घेतात. रविवारी सकाळी ऑनलाइन संदेश लावून लोळत पडायला त्यांचा आधार मिळणार नाही. केडगावात त्यांनी मोठं मंदिर बांधलं, रोज उपासना, कडक शिस्त. फक्त ते कुठल्या एका मिशनचं नव्हतं. वेगवेगळ्या पंथांचे सेवक तिथे येऊन राबत. 1905 मध्ये तिथे संजीवन झालं, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत प्रार्थना करू लागल्या, तेव्हा शिस्तप्रिय मिशनऱ्यांना तो गोंगाट वाटला. आमच्या मुलींना आमच्या पद्धतीने प्रार्थना करू द्या, असं रमाबाईंचं म्हणणं होतं.

याच वाटेने काही वर्षांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकही गेले. 1917 मध्ये त्यांनी अमेरिकन मिशन सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. त्यांच्यावर एकदा वेगळं लिहीन.

शेवटची अठराएक वर्षं रमाबाईंनी एका कामात घातली. त्या काळचं मराठी पवित्र शास्त्र पंडिती वळणाचं, संस्कृत शब्दांनी जड. दुष्काळातून आलेल्या, नुकत्या अक्षर शिकलेल्या बाईला ते कळत नसे. म्हणून संस्कृतच्या या पंडितेने उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र सोप्या मराठीत आणायला घेतलं. आता बाईला समजावून सांगायला मध्ये कोणी लागणार नव्हतं, ना शास्त्री, ना पाळक. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायलाही त्याच बायका होत्या.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. आईनंतर मुक्ती तीच सांभाळणार असं सगळे धरून चालले होते. रमाबाई थकल्या होत्या, तरी मुद्रितं तपासत राहिल्या. शेवटची पानं हातावेगळी झाली आणि 5 एप्रिल 1922 ला झोपेतच त्या प्रभूकडे गेल्या. ते पवित्र शास्त्र दोन वर्षांनी, 1924 मध्ये बाहेर आलं. योहानाचा चौथा अध्याय त्यात अर्थातच आहे, आणि तो छापला पुरुषांनी टाकून दिलेल्या बायकांनी.

उद्याचं वाचन : योहान ४:४३–५४